लाल दोऱ्याची दुपटी

आमच्या घरात लेकरांच्या दुपट्यांना जो मान होता तो धडधाकट माणसांनाही नव्हता. ही तक्रार नाही, कौतुक आहे. आमचं गाव चांदूर बाजारच्या अलीकडे, पूर्णेच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून भांडकुदळ आहेत अन् या लिहिण्यावरून कोणी ना कोणी माझ्या दारात येऊन उभं राहील. लिहायला मी फार उशिरा शिकले, नातीच्या पाटीवर, तिची बोलणी खात. पुण्याकडचा नातजावई म्हणतो, आजी, तुम्ही बोलता तसं लिहू नका, भांडण चाललंय असं वाटतं. म्हणून जरा सरळ लिहिते आहे. पण त्या घरातली माणसं बोलायला लागली की आपल्याच बोलीत बोलणार. त्यांना आता मी कुठून पुणेरी शिकवू?

त्या वर्षांत कापसाचं सोनं झालं होतं. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली आहे, म्हणून विलायतेला आपला कापूस लागतो, असं अमरावतीचे दलाल सांगत. लढाई कोणाची, कशापायी, हे आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही पाहिलं ते एवढंच, की कापूस अंगणात मावेना तेव्हा ओसरीत आला, अन् ओसरीत मावेना तेव्हा माजघराच्या उंबऱ्याशी येऊन बसला. सकाळी डोळा उघडायच्या आधी रेच्याची कुरकुर कानात शिरायची. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचा लाकडी चरक. एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं कापूस भरवायचा, अन् दोघींनी मिळून तिसरीच्या चहाड्या सांगायच्या. सरकी खाऊन म्हशीचं दूध असं दाट झालं होतं की साय बोटावर उचलावी. पण त्या दुधातही तंतू, पिठल्यातही तंतू, ठेच्यातही तंतू. भाकर तोंडाजवळ नेण्याआधी तिच्यावर फुंकर घालायची आमची सवय मला सासरीही पुष्कळ वर्षं सुटली नाही, अन् तिथली माणसं समजत, मोठी नखऱ्याची सून आली.

पैसा आला की माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. बाबांनी बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या चढवल्या. आमच्या शेजाऱ्यांनी तर कहर केला: भाव ऐकून घरातल्या गाद्या-उशा उसवल्या, आतला जुनापाना कापूस पिंजून नव्यात मिसळला अन् गाडीत भरून राजापेठेच्या वाटेनं अमरावतीला धाडला. हिवाळाभर ते लोक गोणपाटाच्या चवाळ्यावर झोपले आणि सकाळी अंग धरलं म्हणून कण्हत बसले. हे पाहून बाबांच्याही मनात आलं. त्यांची नजर माजघरातल्या उतरंडीकडे गेली, कारण तिच्या तळच्या रांजणात लेकरांच्या कापूस भरलेल्या दुलया होत्या. त्या वेळी बनाकाकू चुलीशी भाकरी थापत होती.

ही बनाकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. काका लग्नानंतर तीन वर्षांत गेला, मूलबाळ झालं नाही. आमच्यात पाट लावून दुसरं घर करता येतं, अन् दोन ठिकाणांहून विचारणंही आलं होतं, त्यातला एक तर चांगला चार बैलजोड्यांचा होता. 'उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा' अशी म्हण आहे. काकूचं सगळं उलटं. तिला दादला नको होता, उतरंड हवी होती. ती आमच्या घरी राहिली. बाबा तिचे मोठे भासरे, त्यामुळे त्यांच्याशी थेट बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं तर ती मला सांगायची, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी दहा वर्षांची होते अन् मधला खांब म्हणून फार उपयोगी पडत असे.

"सगुणे," भाकर तव्यावर टाकत काकू म्हणाली, "तुह्या बाबाले सांग, लेकराइच्या दुलयाइले हात लावाचा अशीन तर पयले माही गादी उसवा. मी भुईवर निजतो. लेकरं काय भुईवर निजतीन?"

बाबा खाकरले. "तिले म्हन, मी नुसतं पाह्यलं."

"सांग, पाहूबी नोका."

घरात पुढं आलेल्या पैशाला असं तोंडावर 'मागं हो' म्हणणारी ती एकटीच होती. तिच्यावर माझा जीव होता, आजही आहे, अन् पुढं जे घडलं त्यात माझा हात होता, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आता ती उतरंड सांगते. माजघराच्या कोपऱ्यात एकावर एक पाच मडकी, खालचं सर्वांत थोर, वरचं लहान. तळाला हिवाळ्याच्या दुलया. त्यांच्यावर जाड वाकळा, जुन्या धोतरांचे चार पदर एकत्र शिवलेल्या. त्यांच्यावर दुपटी, दोन पदरांची, जुन्या लुगड्यांची. मग बाळोती. अन् अगदी वर टोपडी-कुंच्या. प्रत्येक मडक्यात तळाला वाळवलेला कडुलिंबाचा पाला अन् वेखंडाचा तुकडा. धुणं रिठ्याच्या पाण्यात. धुण्याचा खार काकू कधी वापरू द्यायची नाही, "लेकराचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यावाणी असते" म्हणायची. घडी दर खेपेला वेगळ्या जागी मोडायची, कारण एकाच जागी मोडली की कापड तिथंच विरतं. महिन्यातून एकदा सगळं उन्हात, अन् परत ठेवताना प्रत्येक दुपटं नाकाला लावून हुंगायचं. ओल आहे की नाही हे तिचं नाक सांगायचं. मी पुष्कळदा तिच्यामागून हुंगून पाहिलं, मला फक्त ऊन हुंगायला मिळालं.

नवं कापड तान्ह्या लेकराला घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माणसानं वापरून, धुऊन, विटवून मऊ केलेलं कापडच त्याच्या अंगाला लागलं पाहिजे. अन् तेही अशा घरचं, जिथलं लेकरू जगलं-वाढलं. काकूनं या रितीला आपली एक खूण जोडली होती. घरात कोणाचं लेकरू पहिलं पाऊल टाकी, त्या दिवशी ती त्याच्या दुपट्याच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके घालायची. झालं, ते दुपटं पास. मग ते पुढच्या लेकराला, त्याच्या पुढच्याला, अन् गल्लीतल्या कोणाच्याही लेकराला. दुपट्यासाठी बाया आमच्या दारी यायच्या. मळ्यातली माळीण पदरात वांगी घेऊन यायची अन् म्हणायची, "बनाबाई, तीन टाक्याचं द्या वं, सून दिवसात हाय." कोणतं कोणाकडे गेलं, कधी यायचं, काकूला सगळं तोंडपाठ. कापसाच्या पैशानं पाटलांच्या घरी मखमलीची कुंची आली तेव्हा ती बघायला गेली अन् परत येऊन एवढंच बोलली, "लेकरू हाय का नवरदेव?"

एवढं सगळं तिच्या हाताखालचं. पण बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा मात्र तिनं ओलांडायचा नाही. विधवा, त्यात मूल नाही. तिची सावली तान्ह्यावर नको, असं माझी माय म्हणायची, अन् माय म्हणाली की ते घरात दगडावरची रेघ. दुपटं काकूनं शिवायचं, काकूनं धुवायचं, काकूनं दाराशी आणून द्यायचं. लेकराच्या अंगावर घालायला दुसरे हात. शिवायला चालतं अन् पांघरायला चालत नाही, हा कुठला न्याय, हे मला इतकी म्हातारी होऊनही कळलं नाही. माय वाईट नव्हती. भित्री होती. आठ बाळंतपणं झालेली बाई, त्यातली तीन लेकरं वाचलेली. तिला भ्यायचा हक्क होता. पण भीतीचा मार नेहमी जवळ उभ्या असलेल्या माणसालाच बसतो.

त्या हिवाळ्यात अनसावहिनीला दिवस भरत आले होते. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माहेर अकोल्याचं. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, कारण तिची दोन लेकरं गेली होती. पहिली पोरगी, पाच महिन्यांची होऊन गेली. दुसरा पोरगा अकरा दिवसांचा. पहिल्या दोन्ही खेपांना ती माहेरी गेली नव्हती. आता तिसऱ्या वेळी अकोल्याहून तिचे वडील गाडी जुंपून न्यायला आले, तरी ती गेली नाही. का, ते कोणाला सांगितलं नाही. घरात तिच्यासमोर कोणी मोठ्यानं बोलत नसे. माय तिच्यासाठी अळीव निवडत बसायची अन् मधेच हात जोडायची. सगळ्यांच्या मनात एकच: हे तरी जगू दे.

वेचणीचे दिवस होते. मजूर मिळेना; ज्याच्या त्याच्या वावरात कापूस फुटलेला, अन् घरोघरच्या बाया वावरात. काकूच्या हाताला वेचणीचा फार उरक होता, तिची ओटी दुसरीच्या दुप्पट भरायची. म्हणून तीही जाऊ लागली. जाताना मला म्हणाली, "उतरंड तुह्यावर सोपवून राहिली मी. कोणी मागाले आलं तर वरचं देजो. बाकीच्याले हात नोको." मला असं वाटलं जणू गावची पाटीलकी माझ्या नावे झाली.

अन् नेमकं दुसऱ्याच दिवशी बाबांनी कापसासाठी माजघर मागितलं. गड्यांनी उतरंड उचलून न्हाणीजवळच्या अंधाऱ्या खोलीत नेली. ती हलली तेव्हा तिच्यामागे, भिंतीच्या कोनाड्यात, एक जुनं झाकणाचं टोपलं निघालं. आत पांढऱ्या फडक्यात बांधलेली सात दुपटी. स्वच्छ धुतलेली, नीट घडी घातलेली, वेखंडाचा तुकडाही ताजा. पण एकाच्याही कोपऱ्यात लाल दोरा नव्हता. मी मनाशी म्हटलं, वेचणीच्या धांदलीत काकूचे टाके घालायचे राहिले. बिचारी उन्हातून दमून येते, तिला कुठून वेळ? मला नुकतीच सुई धरता यायला लागली होती. माझ्या आनंदाला काय सांगू! दोन दुपारी मी त्या खोलीच्या दाराशी उजेडात बसून सातही दुपट्यांना तीन-तीन टाके घातले. बोटं रक्ताळली. एकाचा टाका तिरपा गेला तो दातानं तोडून पुन्हा घातला. मग ती सातही बाकीच्या दुपट्यांत, सगळ्यांत वर, ऐटीत ठेवली. काकूला आपणहून सांगायचं नाही, तिनं पाहावं अन् पाठ थोपटावी, असा बेत होता.

कोनाडा कापसाखाली बुजला होता, अन् काकू अंधार पडल्यावर येऊन दमून निजायची; म्हणून तिला ती दिसायच्या आधीच वहिनीला कळा लागल्या. दुपारची वेळ, काकू वावरात. सुईण आली, माय आत-बाहेर धावते आहे, चुलीवर पाणी खळखळतं आहे, अन् मी रेच्याच्या दांड्याला धरून उभी आहे. मग आतून रडणं ऐकू आलं. बारीक, पण चांगलं चिडलेलं. "पोट्टं हाय!" सुईण ओरडली. माय दारात येऊन म्हणाली, "सगुणे, दुपटं आन! लाल दोऱ्याचं पाहून आन!" मी धावले. वरचंच घेतलं. हिरवं, त्यावर बारीक पिवळी चौकट. सातांत तेच देखणं होतं अन् त्याच्यावर माझे टाकेही सरळ आले होते. आतल्या दिव्याच्या उजेडात मायनं कोपरा तेवढा पाहिला, दोरा लाल होता, लेकराला त्यात गुंडाळलं.

दिवस कलल्यावर काकू आली. पोटाशी कापसाची ओटी तशीच बांधलेली, केसांत बोंडांच्या काड्या. अंगणातच तिला कळलं. हातपाय धुऊन ती उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली अन् मान लांब करून आत पाहिलं. मी तिच्या कमरेशी बिलगून म्हटलं, "काकू, तुह्ये राह्यलेले टाके म्या घातले. साती दुपट्याइले!" तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझा दंड धरला अन् मागच्या दारानं गोठ्याकडे नेलं.

"ते राह्यले नोते वं पोट्टे," ती म्हणाली. "ते ठेवले होते."

मग तिनं सांगितलं. या घरात जी लेकरं वाचली नाहीत, त्यांची ती सात दुपटी. लेकरू गेलं की माय म्हणायची, त्याचं पांघरूण पूर्णेत सोडून ये. काकू घेऊन जायची, नदीवर नेऊन धुवायची, वाळवायची अन् पदराखाली परत आणायची. "नाव ठेवायच्या आधीच गेले काहीजन. कोणाच्या तोंडात त्याइचं नाव नाही. हे एवढं चिंधूक बी सोडून देऊ? मले नाही झालं." अन् ते हिरवं? "अनसाच्या पोरीचं."

लहान असले तरी मला रीत ठाऊक होती. गेलेल्या लेकराचं पांघरूण जित्या लेकरावर घालायचं नाही. अन् मी ते स्वतःच्या हातानं, लाल दोऱ्याची खोटी खूण घालून, आत पाठवलं होतं. वहिनीचं तिसरं लेकरू गेलं तर ते माझ्यामुळे जाणार. "रडू नोको," काकू म्हणाली, "दुसरं घेऊन जाय अन् बदलून आन. मले आत जाता येत नाही." मी खरं तीन टाक्याचं, माळणीकडून परत आलेलं दुपटं घेऊन गेले. माय पाणी तापवायला बाहेर गेली होती. वहिनी लेकराला कुशीत घेऊन पडली होती. मी म्हटलं, वहिनी, हे जास्त ऊबदार आहे, ते द्या. तिनं हिरव्या दुपट्याचा कोपरा मुठीत घट्ट धरला. "राहू दे," म्हणाली. मी पुन्हा हात पुढं केला तर म्हणते, "सगुणाबाई, राहू द्या म्हटलं ना." मी परत आले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेच. काकू दारामागे उभी राहून वाट पाहायची, अन् मी तेच दुपटं घेऊन परत यायचे.

पाचवा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचवी पुजायची म्हणून पाटा-वरवंटा धुऊन ठेवला होता. अन् सकाळपासून लेकरू अंगावर पिईना. तोंड लावी, दोन ओढी घेई अन् सोडून देऊन चिरकत रडे. सुईण म्हणाली, होते असं, अन् निघून गेली. मायचा चेहरा काळवंडला. याच दिवसांत मागचा पोरगा असाच दूध सोडून गेला होता. तिनं लेकराला उचलून दारातल्या उजेडात आणलं, डोळे पाहिले, टाळू पाहिली, अन् मग तिची नजर दुपट्यावर पडली. पिवळी चौकट. तिच्याच नातीला तिनं पाच महिने ते पांघरलं होतं. कापूस काय, रेचा काय, सगळं घर तिच्या किंकाळीनं थांबलं.

"बना! हे कुठून आलं? तुले नदीत सोडाले सांगतलं होतं!"

काकू अंगणात होती. उठून समोर आली. हातातली सरकी तशीच. "नाही सोडलं, बाई."

"अन् हा दोरा? हा दोरा कोनं घातला?"

मी तिथंच होते. खांबाला धरून. तोंड उघडलं होतं मी, खरंच सांगते, पण आवाज फुटला नाही. काकूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "म्याच."

"तुले लेकरू नाही, म्हणून दुसऱ्याच्या लेकराचं बरं पाहवत नाही तुले!" माय बोलली. माझी माय. "उतरंडीले हात लावू नोको आजपासून. मोर्शीले जाय आपल्या भावाकडे. गाडी कापसाची निघाली की तिच्यात बसून जाय."

आता सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच जीव मुठीत धरून बसाल: लेकरू जगलं. पन्नाशीला आलं आहे अन् परवाच माझ्याकडे येऊन पुरणपोळीला तूप कमी पडलं म्हणून कुरकुरून गेलं. पण त्या सकाळी आम्हाला हे कुठं ठाऊक होतं? त्या सकाळी काकूचं घर जात होतं, अन् ते मी घालवलं होतं. काकूनं मान खाली घातली, हातातली सरकी टोपलीत टाकली, पदर सारखा केला. 'नाही' म्हणाली नाही. तिला आपलं म्हणायला कोण होतं? भावाकडे तिला कोणी उतरंड देणार नव्हतं. शेणाची पाटी देणार होते. ते पाहिलं अन् माझा आवाज फुटला. इतका मोठा फुटला की मीच दचकले.

"म्या घातला! काकूले ठाऊकबी नोतं! म्या घातला दोरा, मले धाडा मोर्शीले!"

मायचा हात उठला. गालावर बसलाही असता, पण आतून वहिनी बोलली. तिचा आवाज आम्ही इतका स्पष्ट त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"आत्याबाई, कोनाले मारू नोका. म्या पयल्या दिशीच ओयखलं होतं."

माय वळली.

"माह्या पोरीच्या अंगचं हाय, मी कशी नाही ओयखनार? पाच मयने धुतलं म्या ते. कोपऱ्यात तिनं दूध ओकलं होतं, तो डाग अजून हाय. सांगतलं असतं तर तुमी काढून नेलं असतं. म्हनून बोलली नाही." तिनं श्वास घेतला. "तुमी सारे म्हनता, इसर, इसर. घरात तिचं एक बोळकं ठेवलं नाही कोनं. मले वाटे, मले पोरगी झालीच नोती का काय, का मी येडी झाली. अन् त्या दिशी हे अंगावर आलं त्याच्या. भावाले बहिनीचं पांघरून. त्यात वंगाळ काय झालं?"

रेचा बंद, गडी बाहेर उभे. मग वहिनीनं हाक मारली, "काकूबाई, त्याचंबी हाय का हो? अकरा दिवसाच्या पोराचं?"

"हाय," काकू म्हणाली. "तुह्या मामंजीच्या धोतराचं केलं होतं. हाय."

"मंग आना. थंडी पडली हाय, एकानं भागत नाही."

काकू न्हाणीकडच्या खोलीत गेली अन् ते घेऊन आली. सवयीनं उंबऱ्याशी थांबली अन् माझ्याकडे हात लांबवला, घे म्हणून. मी हात पुढं केलाही होता.

"सगुणाबाई नोको," वहिनी म्हणाली. "ज्यानं शिवलं त्यानंच घालाचं."

काकूनं मायकडे पाहिलं. माय लेकराला घेऊन बाजेच्या कडेला जाऊन बसली होती. ती लेकराच्या तोंडाकडे पाहत राहिली. काकूनं उजवा पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती वाकली, धोतराचं ते दुपटं उलगडून हिरव्यावर घातलं, कडा आत खोचल्या, अन् तशीच वाकून राहिली. आधी मला वाटलं रडते आहे. ती ऐकत होती.

"बाई, याचं नाक वाजून राह्यलं," ती म्हणाली. "ह्याले काई दुसरं झालं नाही. तोंडात दूध घेतलं की दम कोंडते त्याचा, म्हनून सोडते." तिनं पदराच्या टोकाची बारीक वात वळली, कोमट तेलात बुडवली अन् त्या इवल्याशा नाकपुडीत अलगद फिरवली. बाहेर काढली तेव्हा वातीला कापसाचा तंतू चिकटलेला होता, ओला, बोटभर लांब. दुसऱ्या नाकपुडीतून तसाच. घरभर उडणारं ते आमचं पांढरं सोनं! लेकरू सणकून शिंकलं, लालबुंद होऊन रडलं, अन् वहिनीनं जवळ घेताच जे पिऊ लागलं ते चुटूचुटू आवाज करत थांबेचना. वहिनी हसत होती अन् डोळे पुसत होती. मी तर भोकाडच पसरलं.

काकू वात हातात घेऊन उभी होती. आपण कुठं उभ्या आहोत हे तिला तेव्हा आठवलं असावं, कारण ती मागं सरून दाराकडे वळली. माय बाजेच्या पायथ्याशी बसली होती. ती थोडी सरकली. एका बाईपुरती जागा झाली.

"कुठी चालली?" माय खाली पाहत म्हणाली. "बस इथी."

काकू बसली.